शेजारगावचा निवाडा

आमोस नबी रेवखारला आले ते बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, सहा आसनी रिक्षातून. त्यांना मरून पंचवीस शतकांच्या वर झाली होती, पण अंगावर मेंढपाळाचं घोंगडं तेच होतं आणि बोटांना उंबराचा पांढरा चीक ताजा होता. रिक्षावाल्याने त्यांना मशिदीपाशी उतरवलं. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, प्रार्थनाघराला रेवखारात सगळे मशीदच म्हणत, आणि यहुद्यांचे नबी उतरायचे तर तिथंच, असं त्याला वाटलं.

मशिदीच्या भिंतीला लागून आरोन चेउलकरांचं घर होतं. आरोन समाजाचे मुकादम. समाज म्हणजे आता बोटांवर मोजण्याइतकी घरं, पण मुकादमपणाचा मान जुना होता. शिवाय खाडीवर त्यांचा बर्फाचा कारखाना होता, आणि रेवखारात बर्फावाचून कोणाचंच चालत नसे. त्यांची बायको सिपोरा ओट्यावर बसून बोयटांची खवलं काढत होती. नबींना तिने पाहताक्षणी ओळखलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. काळजी एवढीच वाटली की बोयटं दोघांपुरतीच आणली आहेत.

"बाबा, जेवायला थांबणार ना?" तिने विचारलं.

"आधी बोलायचं आहे," नबी म्हणाले. "माणसं कुठे जमतात?"

माणसं मासळीबाजारात जमत. तिथल्या चौथऱ्यावर नबी उभे राहिले. त्यांचा आवाज चढा नव्हता. ते बोरशेतबद्दल बोलले. बोरशेत म्हणजे रेवखारच्या वरच्या अंगाचं पहिलं गाव, चालत गेलं तर भात शिजेपर्यंत पोचावं इतकं जवळ. नबींनी सांगितलं, बोरशेतवाल्यांनी आपल्या बागांसाठी ओढा अडवला आहे, खालच्या कातकरवाडीतल्या बाया डबक्याशी हंडा घेऊन बसून असतात, त्यातली एक म्हातारी तिथंच बसल्या जागी मेली आणि तरी कोणी बांधाला हात लावला नाही. उद्याचा सूर्य बुडायच्या आत बांध फोडला तर बोरशेत राहील. नाही फोडला तर मिटेल.

मग त्यांनी समोरच्या माणसांकडे पाहिलं आणि विचारलं, "ऐकलंत?"

सगळे म्हणाले, ऐकलं.

बोरशेतचं रेवखारात कोणालाच कौतुक नव्हतं. कोणाच्या बैलाला त्यांनी कोंडवाड्यात घातलं होतं, कोणाची सोयरीक मोडली होती. माणसं समाधानाने घरी गेली. सिपोराच्या मनात आलं की आपण उठावं आणि बोरशेतला जाऊन सांगून यावं. पण चुलीवर कालवण होतं. मग नबींना पाहायला माणसं आली, त्यांना चहा करावा लागला. मग दिवे लागले. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, बाजारात इतकी माणसं होती, कोणी ना कोणी गेलंच असेल. प्रत्येकाला तेच वाटलं.

त्याच्या पुढच्या सकाळी एसटीच्या ड्रायव्हरने बातमी आणली की बोरशेतचा थांबा राहिलेला नाही. सरपंच हिराजी म्हात्रे मोटरसायकलवरून पाहायला गेला, त्याच्यामागे निम्मं गाव गेलं. रस्त्यावर आडवी शिवण होती. जाड सुताची, गादीला घालतात तसे लांब टाके, दोन्ही बाजूंच्या शेतांतून थेट डोंगरापर्यंत गेलेली. बोरशेत दुमडून आत गेलं होतं. शिवणीच्या अलीकडे रेवखारची हद्द, पलीकडे लगेच वेळाशाची. टाक्यांच्या मधून एका लुगड्याचा पदर बाहेर राहिला होता आणि वारा नसताना हलत होता. हिराजीने खिशातला चाकू काढून तो कापून टाकला, कारण कोणाच्या तरी चाकात अडकला असता.

बस शिवणीवरून जाताना थोडी उडायची, एवढंच. बाकी सोय झाली. तालुका जवळ आला. मासळी बर्फाशिवायही ताजी पोचू लागली, आणि त्याबद्दल आरोन थोडे कुरकुरले, पण नबींच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी सरबताला बर्फ लागू लागला तेव्हा त्यांची कुरकुर थांबली.

त्यानंतर नबी बोलायचे म्हटलं की माणसं सतरंज्या घेऊन यायची. हिराजीने चौथऱ्यावर मंडप घातला, माईक आणला. नबींनी माईकला हात लावला नाही. ते वेळाशाबद्दल बोलले. वेळाशात सावकाराच्या पोराने देवळाची घंटा चोरली आणि साक्षीदार फिरवून एका ठाकराला त्यासाठी आत टाकला, हे त्यांनी सांगितलं. ठाकराची बायको रोज चौकीच्या पायरीवर बसते आणि वेळाशाची माणसं तिला ओलांडून जातात. उद्या सूर्य बुडायच्या आत एकाने जरी खरं सांगितलं तर वेळासं राहील.

"ऐकलंत?"

या वेळी टाळ्या पडल्या. एकाने उठून विचारलं की हळदवाडीचा नंबर कधी. हिराजीने नबींच्या अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. नबींनी नारळ खाली ठेवला आणि शाल शेजारी उभ्या असलेल्या शेळीवर टाकली. लोकांना ते फार आवडलं.

सिपोरा पहिल्या रांगेत होती. पाहुणा तिच्या घरचा, त्यामुळे तिची जागा राखलेली असे. वेळाशाला जाऊन सांगावं असं या वेळी तिच्या मनात आलं नाही. ते मनात आलं नाही हेही तिच्या लक्षात आलं नाही.

वेळासं मिटलं त्या सकाळी तिला स्वयंपाकघर अरुंद वाटलं. मांडणी आणि चूल यांच्यामध्ये कालपर्यंत दोन बायका सहज वावरू शकत, आता एकटीला अंग चोरून बसावं लागलं. तिने आरोनना सांगितलं. आरोन म्हणाले की नव्या फळीमुळे तसं वाटत असेल. नवी फळी कोणी आणली नव्हती.

त्याच दिवशी दारात तुळसा आली. तुळसा बोरशेतची सून. बाळंतपणासाठी तालुक्याच्या दवाखान्यात होती, ती मूल घेऊन परत आली आणि गाव सापडेना. शिवणीपाशी बसून तिने नखांनी टाके उसवायचा प्रयत्न केला होता, तिची बोटं सोललेली होती. मूल भुकेलं होतं. ते तोंड उघडत होतं, लालबुंद होत होतं, पण रडण्याचा आवाज येत नव्हता. त्याचं गाव नव्हतं, त्यामुळे त्याला आवाज कुठून यायचा.

सिपोराने तुळसाला भाकरी आणि बोयटाचं कालवण दिलं. तुळसाने पहिला घास घेतला आणि विचारलं, "मावशी, असं होणार म्हणून कोणाला ठाऊक नव्हतं का?"

"नाही गं," सिपोरा म्हणाली. "कोणालाच नाही."

नबी ओट्याच्या कडेला बसून उंबरांना नखाने चिरा पाडत होते. त्यांनी मान वर केली, सिपोराकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. तुळसाने रात्रीपुरता आसरा मागितला. आरोन आतून म्हणाले की घरात पाहुणा आहे, या मोसमात जमायचं नाही. तुळसा ताट घासून ठेवून गेली आणि शिवणीपाशी बसून राहिली.

हळदवाडी लांब होती आणि वेळाशापलीकडे थेट तालुक्याचं शहर लागे, त्यामुळे रेवखारला लागून गाव म्हणून आता एकच उरलं होतं, खाडीपलीकडचं कुंभारपाणी. तिथं सिपोराची मुलगी मिलका दिली होती. मिलकाचा नवरा दानियल वीटभट्टी चालवायचा. पुढच्या वेळी नबी चौथऱ्यावर चढले आणि त्यांनी खाडीकडे हात केला. कुंभारपाण्याच्या भट्ट्यांवर कातकरी माणसं बायकामुलांसकट पत्र्याच्या खोपटांत कोंडलेली असतात, असं नबींनी सांगितलं. अंधार पडला की बाहेरून कुलूप लागतं. एका खोपटात मूल तापाने फणफणलं, बापाने दार वाजवलं, वाजवत राहिला, आणि सकाळी दार उघडलं तेव्हा वाजवायचं काही कारण उरलं नव्हतं. उद्या सूर्य बुडायच्या आत कुलपं निघाली तर कुंभारपाणी राहील.

"ऐकलंत?"

टाळ्यांमध्ये सिपोरा उठली. हिराजी तिच्याजवळ आला आणि समजुतीने बोलला. त्याचं म्हणणं असं की आपण जाऊन सांगितलं तर ते कुलपं काढतील. मग गाव मिटणार नाही. मग नबींचा शब्द खोटा पडेल, आणि आपल्या गावात आलेल्या पाहुण्याची अशी अप्रतिष्ठा आपणच करायची का? शिवाय कुंभारपाणी मिटलं की खाडीचा तो काठही रेवखारचाच.

दानियलशी आरोनचं पटत नव्हतं हे खरं, पण मिलका एकुलती एक होती. घरी गेल्यावर त्यांनी मार्ग काढला. ते म्हणाले, मिलकाला घेऊन ये. मला बरं नाही म्हणून सांग. बाकी काही बोलायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सिपोरा धाकू नाखव्याच्या होडीत बसून पलीकडे गेली. मिलका अंगणात मिरच्या वाळवत होती. वडिलांच्या छातीत दुखतंय म्हटल्यावर तिने हात धुतले, शेजारणीला सांगितलं आणि तशीच निघाली. वाटेत भट्टी लागली. खोपटांच्या दारांना कुलपं लोंबत होती, आत्ता उघडी. बायका डोक्यावर विटा वाहत होत्या. त्यातली एक मिलकाकडे बघून हसली. दानियल धुराच्या पलीकडे उभा होता, त्याने हात केला. सिपोरानेही हात केला.

होडी खाडीच्या मध्यावर आली. ओहोटी होती, पाणी कमरेएवढंच होतं. सूर्य खाली आला होता पण अजून पिवळा होता. सिपोराला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणूनच तिने मिलकाला खरं काय ते सांगितलं.

मिलकाने सगळं ऐकून घेतलं.

"दानियलला सांगितलंस?"

"नाही."

"भट्टीवरच्या माणसांना?"

"त्यांना काय सांगायचं? कुलूप काय त्यांच्या हातात आहे?"

"बोरशेतच्या वेळी ठाऊक होतं तुला?"

सिपोराने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिचं तिलाच कळलं नाही. मिलका उठून उभी राहिली आणि होडीच्या कडेवरून पाण्यात उतरली. साडी गोळा करून, चिखलातून पाय उपसत, ती आल्या वाटेने परत निघाली. एकदा पडली. उठली.

धाकूने वल्हं थांबवलं. "फिरवू का होडी?" त्याने विचारलं. "आपण तिच्याआधी पोचू."

सिपोराने सूर्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

ती घरी आली, आरोनना सांगितलं, आणि दोघं पाण्याकडे पाठ करून बसली. सूर्य बुडाला. सकाळ झाली तेव्हा काठावर निम्मं गाव शिवण पाहायला जमलं होतं. शिवण नव्हती. खाडी होती तिथंच होती आणि पलीकडे कुंभारपाणी होतं. भट्ट्या थंड पडल्या होत्या. खोपटांची दारं चौकटींपासून उखडून मैदानात आडवी टाकलेली होती, आणि त्यांच्यावर मुलं बसली होती.

रेवखारचा हिरमोड झाला. हिराजी मोठ्याने म्हणाला की संदेष्टा चुकला. कोणीतरी मंडपाचं कापड सोडायला लागलं.

नबी मात्र हसत होते. आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले. दात किडलेले होते, पण हसू लहान पोराचं होतं. ते काठावर मांडी घालून बसले आणि पलीकडच्या मुलांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्यांनी पाय धुतले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि धाकूच्या होडीकडे निघाले.

सिपोरा त्यांच्यामागे धावली. "बाबा, आमच्याबद्दल काहीच बोलला नाहीत."

"तुमच्याबद्दल तुमच्यासमोर कसं बोलू?" नबी म्हणाले. "मला ती मुभा नाही. निवाडा नेहमी शेजाऱ्याला कळतो."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चीक तिच्या केसांना चिकटला. होडी गेली. धाकू परत आला नाही.

दुपारी कुंभारपाण्याच्या काठावर माणसं जमलेली दिसली. कातकरी पुढे बसले होते. नबी एका उलट्या घमेल्यावर उभे राहून बोलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. एका क्षणी सगळ्यांची तोंडं एकदम रेवखारकडे वळली आणि बराच वेळ तशीच राहिली. टाळ्या वाजल्या की नाही यावर इकडे काठावर वाद झाला.

मग मात्र धावपळ उडाली. हिराजीने स्वतःची लाँच काढली. ती खाडीच्या मध्यापर्यंत गेली आणि समोर रेवखारचाच धक्का आला. लाँच वळली नव्हती. दुसरी होडी गेली, तीही तशीच आली. कोणी जमिनीच्या बाजूने निघालं, तर शिवण आता शाळेच्या भिंतीला टेकली होती, आणि तिच्या पलीकडे पाय टाकला की माणूस बंदरावर निघायचा. सिपोराच्या घरात खाट आडवी मावेना. आरोन पाय पोटाशी घेऊन झोपले.

आपलं काय चुकलं असेल यावर सकाळी बैठक झाली. प्रत्येकाला शेजारच्या आळीचं चुकलेलं आठवलं. शेवटी असं ठरलं की नबी नेहमी गोरगरिबांबद्दल बोलायचे, तेव्हा गरिबाला जेवू घालावं. गरीब म्हणून तुळसा होतीच. तिला शिवणीपासून मंडपात आणलं, पाटावर बसवलं, रांगोळी काढली. बायकांनी घराघरांतून ताटं आणली. तुळसा जेवली. पुरे म्हणाली. हिराजी म्हणाला, आमच्या घरचं राहिलं. तिने तेही खाल्लं. मग आरोनचं, मग डॉक्टरांचं, मग बाजारातल्या कोळणींचं. तिने तोंड फिरवलं तेव्हा दोघींनी तिची हनुवटी धरली. ती ओकली तेव्हा पाट पुसून पुन्हा वाढलं. मूल तिच्या मांडीवरून घसरून रांगोळीत पडलं आणि तोंड उघडून पडून राहिलं, आणि आवाज नसल्याने कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

सिपोराने मूल उचललं. ती तुळसाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आम्हाला ठाऊक होतं. मी खोटं बोलले."

"मला कळलं होतं," तुळसा घास तोंडात असतानाच म्हणाली. "ठाऊक नसतं तर तुम्ही विचारलं असतं, घरात कोण कोण होतं."

"कोण कोण होतं?"

तुळसाने घास गिळला. "आता विचारू नका," ती म्हणाली, आणि पुढच्या ताटासाठी तोंड उघडलं.

सिपोरा मूल कडेवर घेऊन बंदराकडे चालू लागली. दोन्ही बाजूंची घरं इतकी जवळ आली होती की तिचे कोपर भिंतींना घासत होते. धक्क्यावर एकट्यापुरती जागा उरली होती. तिच्या मागे गाव होतं, मंडपातला ताटांचा आवाज अगदी पाठीशी येत होता. सूर्य खाडीच्या मुखाशी उतरला होता आणि लाल झाला होता.

पलीकडच्या काठावर कुंभारपाण्याची माणसं कामाला लागली होती. कोणी जाळं झटकत होतं, कोणी भट्टीची माती खणून काढत होतं. अधूनमधून एखादा मान वर करून इकडे बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. नबी दिसत नव्हते. सिपोराने मिलकाला ओळखलं. ती पाण्याच्या कडेला उभी होती, परवाच्याच साडीत, घोट्यांपर्यंत चिखल तसाच वाळलेला.

सिपोराने हाक मारली. खाडी काही फार रुंद नव्हती. मिलकाने मान वर केली आणि आईकडे पाहिलं. हात केला नाही. दानियल मागून आला, तिच्याशी काही बोलला, आणि ती ऐकत राहिली, नजर न हलवता. त्यांच्यामागे एक म्हातारी कातकरीण येऊन उभी राहिली, मग आणखी दोघं. सगळे मिलकाकडे बघत होते. सूर्याची खालची कड पाण्याला लागली.

मिलका धाकूच्या होडीजवळ गेली. ती वाकली आणि तिने होडीच्या दोरीला हात घातला.